बंद घराची ऊब

डिसेंबर उजाडला की परदेशी स्थायिक झालेली आपली मंडळी गावाकडे येऊ लागतात. कुणाचा भाचा कॅनडातून येतो, कुणाची लेक आणि जावई अमेरिकेतून येतात. तिकडे मुलांच्या शाळांना नाताळची सुट्टी असते आणि इकडे लगीनसराई. दोन-तीन आठवडे कसे निघून जातात ते कळत नाही. पण याच दिवसांत त्यांचे तिकडचे घर कुलूपबंद असते आणि घराबाहेर बर्फ साचलेला असतो.

आपण गावाला जाताना काय पाहतो? चूल विझली ना, गॅस बंद केला ना, मांजर आत अडकले नाही ना. मग कुलूप लावून एकदा ओढून पाहतो आणि निघतो. त्या थंड देशांत एवढ्याने भागत नाही. तिथे आणखी एक प्रश्न असतो: आपण नसताना घरात ऊब किती ठेवायची?

ऐकणाऱ्याला वाटेल, हा काय प्रश्न झाला? घरात माणूसच नाही, तर ऊब कुणासाठी? बंद करावी आणि जावे. आणि तिकडच्या एखाद्या सुखवस्तू माणसाला याच्या उलट वाटते. तो म्हणतो, राहू द्या चालू, आल्यावर घर उबदार मिळेल. शिवाय थंड झालेले घर पुन्हा तापवायला जास्तच खर्च येतो. श्रोतेहो, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या आहेत हे पाहिले, तर उष्णता आणि पाणी यांचे दोन मोठे नियम आपल्या हाती लागतात. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ते वर्गात जरूर सांगावेत.

आधी तिकडच्या घरांत ऊब कशी असते ते समजून घेऊ. आपल्याकडे थंडी वाजली तर आपण शेगडीजवळ बसतो, शेकोटी करतो. म्हणजे माणूस विस्तवाजवळ जातो. तिकडे विस्तव एका जागी असतो, बहुधा तळघरात, आणि त्याची ऊब खोल्याखोल्यांतून फिरवली जाते. ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत बॉयलर पाणी तापवतो आणि ते गरम पाणी नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या लोखंडी पाट्यांत जाते. या पाट्यांना रेडिएटर म्हणतात. अमेरिका आणि कॅनडा येथे पुष्कळ घरांत भट्टी हवा तापवते आणि पंखा ती हवा पत्र्याच्या नळकांड्यांतून सगळीकडे सोडतो. जळण म्हणून नैसर्गिक वायू, तेल किंवा वीज वापरतात. लोक घरात असताना साधारण २० ते २१ अंश सेल्सियस तापमान ठेवतात. बाहेर मात्र उणे १० असू शकते, काही ठिकाणी त्याहूनही कितीतरी खाली.

आता पहिली समजूत घेऊ. घर सोडताना ऊब साफ बंद केली, तर काय होईल? माणूस नसला तरी त्या घरात पाणी असते. स्वयंपाकघराच्या भिंतीत, न्हाणीघराच्या जमिनीखाली, माळ्यावर, सगळीकडे नळ्या भरलेल्या असतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवाचे हिमकण झालेले आपण ऐकतो, कुणी पाहिलेही असतील. तिकडे गोठणे ही एखाद्या पहाटेची नवलाई नसते, ती तीन-चार महिन्यांची रोजची गोष्ट असते. शून्य अंशाला पाण्याचा बर्फ होऊ लागतो. आणि पाणी गोठताना एक विलक्षण गोष्ट करते. बहुतेक पदार्थ गोठताना आक्रसतात, पाणी फुगते. त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. अकरा पेले पाण्याचा बर्फ झाला, तर तो जवळजवळ बारा पेल्यांची जागा मागतो.

ही बाराव्या पेल्याची जागा नळीत कुठून यायची? नळीत एखाद्या थंड कोपऱ्यात बर्फाचा बोळा बसतो. तो वाढत जातो, तसे त्याच्या आणि बंद तोटीच्या मध्ये अडकलेले पाणी दाबले जाते. पाणी काही रबरासारखे दबत नाही. तो सगळा दाब नळीवर येतो आणि तांब्याची काय, लोखंडाची नळीसुद्धा उलून जाते.

त्याहून कठीण गोष्ट पुढे आहे. नळी फुटली तरी ती लगेच गळेलच असे नाही, कारण तिच्यात बर्फाचेच बूच बसलेले असते. चार दिवसांनी हवा जरा उबदार झाली, बर्फ वितळला, की धार सुरू होते. घरात कुणी नाही. नगरपालिकेचे पाणी तर चोवीस तास दाबाने येत असते. तिकडची पुष्कळ घरे लाकडी सांगाड्याची असतात आणि भिंती जिप्समच्या तक्त्यांच्या. वरच्या मजल्यावरची एक बारीक चीर दोन-तीन दिवसांत छत खाली आणते, जमीन फुगवते, कपडे, पुस्तके, लग्नाचे फोटो, सगळे भिजवून टाकते. जळणाचे थोडे पैसे वाचवायला गेलेला माणूस परत येतो, तेव्हा घराच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत असते. म्हणून साफ बंद करणे बरोबर नाही.

आता दुसरी समजूत. घर सारखे तापते ठेवले तर कमी जळण लागते, कारण थंड झालेले घर पुन्हा तापवायला फार लागते, असे पुष्कळ शहाणी माणसेसुद्धा म्हणतात. ही समजूत तपासायला कॅनडाला जायला नको. आपल्या शाळेच्या अंगणात तपासता येईल.

दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या. दोन्हींना तळाजवळ खिळ्याने सारखेच एक भोक पाडा. दोन्ही काठोकाठ भरा आणि घड्याळ लावा. पहिल्या डब्यात एक मुलगा पेल्याने सारखे पाणी घालत राहील आणि पातळी काठाशीच ठेवील. दुसऱ्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. पाणी गळून खाली जाऊ द्यायचे. दहा मिनिटांनी दुसरा डबा एकदम काठापर्यंत भरायचा. आता मोजा, कुणाला किती पेले पाणी लागले. दर वेळी पहिल्या डब्याला जास्त लागेल. कारण उघड आहे. पाणी जितके उंच, तितकी भोकातली धार जोरात. दुसऱ्या डब्यात पातळी उतरली तशी धारही मंदावली, म्हणून एकूण पाणी कमीच वाया गेले. शेवटी भरताना ते एकदम घालावे लागले, एवढेच; आणि तेच आपल्या डोळ्यांत भरते.

घर हाही असाच एक गळका डबा आहे. त्यातून गळते ती उष्णता. आतले आणि बाहेरचे तापमान यांत जितका फरक, तितकी उष्णता वेगाने बाहेर जाते. बाहेर उणे १० आहे आणि आत २० आहे, तर फरक ३० अंशांचा. आतले तापमान १३ वर आणले, तर फरक २३ चा राहिला. म्हणजे ३० रुपयांच्या जागी सुमारे २३ रुपयांत काम झाले. चौथा हिस्सा नाही, पण त्याच्या जवळपास बचत झाली. तीन आठवड्यांच्या कडाक्याच्या थंडीत ही रक्कम लहान नसते. नुसते कामावर जाताना किंवा झोपताना तापमान उतरवले तरी फायदा होतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा की रोज आठ तास तापमान ४ ते ५ अंश सेल्सियसने उतरवून ठेवले, तर ऊब आणि गारवा यांच्या वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. आजकाल काही घरांत उष्णता-पंप असतात. त्यांना दोन-चार तासांसाठी फार खाली उतरवणे मानवत नाही, कारण पुन्हा चढताना त्यांची महागडी मदतनीस शेगडी सुरू होते. पण आठवडे घर बंद असेल, तर तिथेही उतरवणेच बरे.

आपल्या मायबहिणींना हे नवे नाही. रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायचा, तो विझूही द्यायचा नाही आणि पेटताही ठेवायचा नाही, सकाळी राख बाजूला करून फुंकणीने फुंकर घातली की जाळ तयार, ही युक्ती त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बंद घराची ऊब अशीच ठेवायची असते. तिला खालची हद्द पाण्याने घालून दिली आहे आणि वरची हद्द पैशाने.

मग नेमका आकडा कोणता? पाणी शून्याला गोठते, तर २-३ अंश ठेवले म्हणजे झाले, असा हिशोब एखादा हुशार विद्यार्थी मांडेल. इथेच खरी गोम आहे. घरातले तापमान पाहणारे यंत्र एका भिंतीवर असते, बहुधा घराच्या मधोमध. त्याला फक्त आपल्या भिंतीजवळची हवा कळते. बाहेरच्या भिंतीतली नळी, मोरीखालच्या बंद कपाटातली नळी, माळ्यावरची नळी या सगळ्या त्याहून कितीतरी थंड असतात. मधल्या खोलीत ५ अंश असताना कोपऱ्यातली नळी गोठलेली असू शकते. म्हणून अमेरिका-कॅनडातल्या कडक थंडीत सर्वसाधारण सल्ला असा असतो की बंद घरातही तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सियसच्या खाली नेऊ नये. मोरीखालच्या कपाटाची दारेही उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीतली ऊब नळ्यांपर्यंत पोचते. ब्रिटनमध्ये थंडी त्या मानाने सौम्य, म्हणून तिथे याहून कमी ठेवणारे पुष्कळ आहेत. आणखी एक कारण आहे. घर फारच गार पडले की हवेतले बाष्प भिंतींवर साचते आणि बुरशी धरते.

आता हे तापमान सांभाळतो कोण? घरात तर माणूस नाही. हे काम करणाऱ्या यंत्राला थर्मोस्टॅट म्हणतात, आणि त्याची कथा शिक्षकांनी ऐकण्यासारखी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने इंग्लंडमध्ये अंडी उबवण्याच्या पेटीसाठी उष्णता आपोआप सांभाळणारी एक युक्ती केली होती. पण शाळेच्या आणि घराच्या खोलीत हे यंत्र आणले ते एका शिक्षकाने. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचे गाव आहे. तिथल्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक होते. त्या काळी शाळेचा शिपाई वर्गावर्गांत येऊन ऊब किती आहे ते पाही, मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा कमीजास्त करी. वर्ग चालू असताना मध्येच दार उघडायचे, मुलांचे लक्ष उडायचे. जॉन्सन यांनी असे यंत्र केले की खोलीत गारठा वाढला की तळघरात घंटा वाजे. या यंत्राचे पेटंट त्यांना १८८३ साली मिळाले. पुढे १८८५ च्या सुमारास मिनीॲपोलिस शहरात आल्बर्ट बुट्झ याने असे साधन केले की खोली गार झाली की कोळशाच्या भट्टीचे हवेचे दार आपोआप उघडे आणि विस्तव फुले. खोली तापली की दार मिटे. फुंकणी आणि राख ही दोन्ही कामे यंत्र करू लागले, म्हणा ना.

या यंत्राचे काळीज म्हणजे बरीच वर्षे दोन धातूंची एक साधी पट्टी होती. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती का तापवतो, हे आपल्याला माहीत आहे. तापली की ती वाढते, चाकावर बसते, आणि निवली की आवळते. धातू तापला की वाढतो, पण सगळे धातू सारखे वाढत नाहीत. पितळ लोखंडाच्या सुमारे दीडपट वाढते. आता पितळेची आणि लोखंडाची पट्टी एकमेकींना पक्की जोडली आणि तापवली, तर पितळ जास्त लांबणार, लोखंड तिला धरून ठेवणार, आणि जोडपट्टी लोखंडाकडे वाकणार. त्या वाकण्याने विजेची तार तुटते, निवली की पट्टी सरळ होऊन पुन्हा जुळते. आपल्या विजेच्या इस्त्रीचा दिवा मधून मधून लागतो आणि विझतो, तो याच तत्त्वावर. आता नव्या थर्मोस्टॅटमध्ये इलेक्ट्रॉनिक संवेदक असतात, घड्याळ असते, आणि ते इंटरनेटला जोडलेले असतात. टोरांटोच्या घरातले तापमान साताऱ्याच्या मांडवात बसून मोबाइलवर पाहता येते आणि बदलताही येते. पाहुणा जेवताना मध्येच फोन काढून बघतो, तेव्हा तो घरचा गारठा बघत असेल, असे समजायला हरकत नाही!

पण श्रोतेहो, यंत्रावर किती विसंबायचे हेही कळले पाहिजे. थर्मोस्टॅट फक्त हुकूम देतो. ऊब भट्टी देते. आणि भट्टी वायूची असली तरी तिचा पंखा, तिची ठिणगी, तिचा पंप विजेवर चालतो. बर्फाच्या वादळात वीज गेली की हुकूम देणारा आणि हुकूम ऐकणारा दोघेही गप्प. ब्रिटनमधल्या अनेक बॉयलरांना आतूनच एक रक्षक असतो. बॉयलरचे पाणी फार गार झाले की तो आपणहून पेटतो. पण निघताना कुणी भिंतीवरचा विजेचा खटका बंद केला, तर तो रक्षकही झोपी जातो. वीज गेली की घरातले इंटरनेटही जाते आणि मोबाइलवर काहीच येत नाही. काही येत नाही म्हणजे सारे ठीक आहे, असा अर्थ कुणी काढू नये. निरोप आला नाही, तेव्हाच चौकशी करायची वेळ असते.

म्हणून तिकडची अनुभवी माणसे ऊब उतरवून थांबत नाहीत. ती आणखी काही गोष्टी करतात. आपल्या घरचे कुणी तिकडे असेल, तर त्यांना या जरूर विचारा.

पहिली गोष्ट, घरात पाणी येते तिथली मुख्य तोटी बंद करावी आणि मग घरातल्या तोट्या उघडून नळ्या रिकाम्या कराव्यात. मग एखादी नळी उललीच, तर तिच्यात उरलेले तांब्याभर पाणी गळेल, नदी वाहणार नाही. मात्र रेडिएटरच्या नळ्यांचे पाणी वेगळे असते. ते जाणकार कारागिराशिवाय काढू नये.

दुसरी गोष्ट, निघण्याच्या दिवशी नव्हे, तर दोन दिवस आधी तापमान उतरवून भट्टी नीट चालते ना, ते पाहून घ्यावे. तेलावर चालणारी असेल, तर टाकीत तेल पुरेसे आहे ना, तेही पाहावे.

तिसरी गोष्ट, घराच्या विम्याचा कागद वाचावा. हिवाळ्यात घर बंद असताना कुणीतरी ठरावीक दिवसांनी आत जाऊन पाहिले पाहिजे, अशी अट कॅनडातल्या अनेक विमा करारांत असते. ती पाळली नाही, तर भरपाई अडते.

आणि चौथी गोष्ट म्हणजे शेजारी. किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. तिकडे एक साधे उपकरण मिळते. ते दिव्याच्या आणि विजेच्या मध्ये जोडायचे आणि दिवा खिडकीत ठेवायचा. घर ठरलेल्या मर्यादेखाली गार झाले की दिवा लागतो. रस्त्याने जाणाऱ्या शेजाऱ्याला खिडकीत उजेड दिसला की तो समजतो, भट्टी बंद पडली आहे. पण वीजच गेली तर हा दिवाही लागणार नाही. तेव्हा दोन-तीन दिवसांनी दार उघडून आत हात फिरवून येणारा माणूस तो माणूसच. विस्कॉन्सिनच्या तळघरातली घंटासुद्धा ऐकायला कुणीतरी होते, म्हणूनच तिचा उपयोग होता.

यातले आपल्या उपयोगाचे काय, असे कुणी विचारील. पुष्कळ आहे. आपल्या गावांत आता विजेचे गिझर आले आहेत. टाकीचा गिझर दिवसभर चालू ठेवला तर वीज कमी लागते, असे सांगणारे गावोगाव भेटतील. त्यांना आपला गळका डबा दाखवा. टाकीतले गरम पाणी वापरले नाही, तरी त्याची उष्णता गळतच असते आणि गिझर ती पुन्हा पुन्हा भरून काढीत असतो. आंघोळीआधी लावावा, झाली की बंद करावा. आणि गावाला जाताना तर भिंतीवरचा खटकाच बंद करावा. आपल्याकडे गोठण्याचे भय नाही, म्हणून आपण साफ बंद करू शकतो. काश्मीर-लडाखमध्ये असलेल्या जवानांच्या घरी मात्र हा नियम चालणार नाही. तिथे पाणी काढून टाकावे लागते. नियम पाठ करून भागत नाही, तो कशामुळे झाला ते कळले पाहिजे, ते यासाठीच.

कोंबडीपालन करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. तिथे थर्मोस्टॅट लावला तरी त्याची जागा पाहा. तो दिव्याच्या तोंडाशी टांगला, तर त्याला वाटते ऊब भरपूर आहे. आणि कोपऱ्यातली पिल्ले गारठून एकमेकांवर चढतात. यंत्राला आपली भिंतच तेवढी कळते, हे विसरू नये. पिल्ले बसतात त्या उंचीवर तापमान मोजावे. आणि रात्री वीज गेली तर काय करायचे, याची सोय दिवसाउजेडी करून ठेवावी.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी दोन डब्यांचा प्रयोग वर्गात करून पाहावा. ज्यांच्या गावात शीतकपाट आहे, त्यांनी प्लास्टिकची बाटली पाण्याने काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. काचेची बाटली मात्र घेऊ नये. ती फुटून इजा होईल. सकाळी ती फुगलेली, एखादे वेळी उललेली बाटली मुलांच्या हाती द्यावी. पुस्तकातले ९ टक्के मग त्यांना सांगावे लागणार नाहीत.

आणि यंदा कुणाच्या घरी कॅनडा-अमेरिकेचे पाहुणे येतील, त्यांना चहा देताना एवढे विचारावे: तुमची पाण्याची तोटी बंद करून आलात ना? आणि किल्ली कुणाकडे आहे?